मोटारीतले पॉलिप्रॉपिलीन आणि कुपवाडची ओतशाळा

दुरुस्तीसाठी खाली उतरवलेला मोटारीचा बंपर उलटा करून त्याच्या आतल्या, रंग न दिलेल्या काळ्या अंगावरून नजर फिरवली, तर साच्यातूनच उमटून आलेली काही बारीक अक्षरे कोठे ना कोठे सापडतात : दोन कोनी कंसांच्या मध्ये ‘पीपी’, मग अधिकचिन्ह, मग ‘ईपीडीएम’, आणि शेवटी एक आडवी रेघ देऊन ‘टी’ व त्यापुढे १० किंवा २० असा आकडा. गाडीच्या मालकाला या अक्षरांशी काही कर्तव्य नसते आणि गॅरेजातल्या कारागिराचेही त्यांच्याकडे क्वचितच लक्ष जाते. परंतु हा जिन्नस कशाचा घडला आहे याचा जो लेखी दाखला गाडीबरोबर अखेरपर्यंत राहतो, तो एवढाच. पॉलिप्रॉपिलीन हा मूळ पदार्थ, आघात सोसण्यासाठी त्यात मिसळलेले एथिलीन-प्रॉपिलीन जातीचे रबर, आणि शेकडा दहा किंवा वीस या प्रमाणात घातलेली शंखजिऱ्याची पूड, असा त्या ओळीचा अर्थ आहे. गेल्या पन्नास वर्षांत मोटारीच्या बांधणीत जो मोठा, तरीही फारसा बोलला न गेलेला पालट झाला, तो या ओळीत साठवलेला आहे; आणि सांगलीजवळच्या कुपवाडसारख्या, बिडाच्या ओतकामाची सवय अंगात मुरलेल्या औद्योगिक वसाहतीने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पॉलिओलेफिन हे एका कुळाचे नाव आहे. एथिलीन आणि प्रॉपिलीन या वायूंचे रेणू एकापुढे एक जोडत गेले असता ज्या प्रदीर्घ शृंखला तयार होतात त्यांचे हे कूळ असून, त्यातील पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हे दोन पदार्थ मुख्यतः मोटारीच्या कामी येतात. कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज तिसरे मूलद्रव्य त्यांत नाही. त्यामुळे पाण्याहून हलके, पाणी न शोषणारे, आम्ल आणि क्षार यांना दाद न देणारे आणि किमतीने स्वस्त, असे हे पदार्थ निपजले आहेत. पोलादाची घनता सुमारे ७.८५, तर पॉलिप्रॉपिलीनची ०.९० ते ०.९१, एवढा आकडा सांगितला म्हणजे मोटारीच्या कारखानदाराला त्यांचा मोह का पडला हे निराळे सांगावे लागत नाही. पुढचा आणि मागचा बंपर, डॅशबोर्डचा सांगाडा, दारांची आतली अस्तरे, रेडिएटरमागच्या पंख्याची चौकट, हवा गाळणाऱ्या यंत्राची पेटी, वातानुकूलनाच्या नळ्या, काच धुण्याच्या पाण्याची बाटली, चाकावरच्या कमानीचे अस्तर, बॅटरीची पेटी आणि इंधनाची टाकी, इतका परिवार आज या एका कुळाचा आहे. लहान गाडीत शंभर किलोच्या आसपास आणि मोठ्या गाडीत दीडशे ते दोनशे किलो प्लास्टिक असते, आणि ढोबळ मानाने त्याचा तिसरा हिस्सा एकट्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो. गाडीचे वजन शेकडा दहाने उतरले तर इंधनाचा खर्च शेकडा पाच ते सात उतरतो, असा या धंद्यातला सर्वसाधारण हिशेब आहे. तथापि हलकेपणा हे या पदार्थाच्या प्रसाराचे निम्मेच कारण म्हणावे लागेल. जे दाराचे अस्तर पत्र्यातून करावयाचे तर पाच-सात डाय, तितकेच प्रेसचे ठोके आणि वर वेल्डिंग लागले असते, ते खिसा, जाळी, खुंट्या आणि खाचांसह एकाच साच्यातून मिनिटभरात बाहेर पडते. हा वेळेचा आणि मजुरीचा फायदा वजनाच्या फायद्याहून कमी नव्हे.

या पदार्थांचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे एथिलीनवर प्रचंड दाब देऊन एक वेगळीच अभिक्रिया घडवू पाहत असता, पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ त्यांच्या हाती लागला, तेच पहिले पॉलिएथिलीन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर याने साध्या दाबाखाली हेच काम करणारे उत्प्रेरक शोधले, आणि १९५४ मध्ये मिलानच्या जुलिओ नात्ता याने तेच उत्प्रेरक प्रॉपिलीनवर चालवून ज्याच्या शृंखलेतील मेथिल गट एकाच बाजूस शिस्तीने लागलेले आहेत असे स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन मिळवले. हे गट वाटेल तसे विखुरलेले असतील तर तोच पदार्थ चिकट आणि निरुपयोगी राहतो. ओळीत असतील तर १६० अंशांच्या पुढे वितळणारा, कणखर आणि टिकाऊ होतो. झीग्लर आणि नात्ता यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, परंतु त्यापूर्वीच, १९५७ मध्ये, इटलीतील फेरारा येथे मोंतेकातिनी कंपनीने पॉलिप्रॉपिलीनचे व्यापारी उत्पादन सुरू केले होते.

आपल्याकडे या उद्योगाची रुजवात उसाच्या मळीतून झाली, हे सांगलीच्या साखरपट्ट्यातील वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. १९५९ मध्ये बंगालातील रिशरा येथे जे पॉलिएथिलीन प्रथम तयार होऊ लागले त्यासाठी लागणारे एथिलीन मद्यार्कापासून काढीत असत, कारण तेव्हा देशात नॅफ्थाचे भंजन करणारा कारखानाच नव्हता. तो १९६६ मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला युनियन कार्बाइडने उभारला. त्यामागोमाग १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात मफतलालांच्या नोसिलचा वर्षाला ६०,००० टन एथिलीनचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच सुमारास हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या सहकार्याने पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज या नावाची कंपनी तेथेच उच्च घनतेचे पॉलिएथिलीन काढू लागली. पॉलिप्रॉपिलीनला मात्र १९७८ उजाडावे लागले. ते सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने बडोद्याला आणले. त्यानंतरच्या दशकाच्या अखेरीस याच कंपनीने रायगड जिल्ह्यात नागोठण्याला वायुभंजन संकुल उभे केले आणि मुंबई हायच्या समुद्रातून उरणला येणाऱ्या वायूतून प्लास्टिकचा दाणा तयार होऊ लागला. म्हणजे कुपवाडच्या एखाद्या शेडमधील हॉपरमध्ये ओतला जाणारा दाणा मूळचा आपल्याच किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळातून निघालेला असणे सहज संभवते.

मोटारीचा इतिहासही सांगलीला अगदीच परका नाही. विश्रामबागेतील ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ मध्ये झाली, त्याला ज्या वालचंद हिराचंदांचे नाव आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून कुर्ल्याला मोटारीचा कारखाना काढला. त्या कारखान्यातून पुढे अनेक वर्षे निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांचे बंपर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्टीचे असत, आणि किरकोळ धडक बसली की पट्टी वाकून पंखाच्या पत्र्यात रुतत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि प्लास्टिकच्या सुट्या भागांची मागणी आपल्या देशात खऱ्या अर्थाने निर्माण झाली. १९९८ मध्ये पुण्याच्या टाटांनी इंडिका लोकांपुढे ठेवली तेव्हा गाडीच्या रंगाचा, अंगाला बिलगून बसणारा प्लास्टिकचा बंपर ही गोष्ट मध्यमवर्गाच्या परिचयाची होऊ लागली होती. चाकण, रांजणगाव आणि तळेगाव येथे पुढील काळात जे कारखाने आले त्यांनी ही मागणी अनेक पटींनी वाढवली, आणि पुणे-बंगळूर रस्त्याने चार-पाच तासांच्या अंतरावर असलेले सांगली-मिरज-कुपवाड या मागणीच्या आवाक्यात आपोआप आले.

सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही गावांची मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून कुपवाडची ओळख औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत अशीच आहे. या मुलखाला यंत्रविद्येचे वळण लावले ते १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने. तेव्हापासून लोखंडी नांगर, पंप, व्हॉल्व्ह आणि पुढे मोटारीचे ओतीव भाग, अशी परंपरा कृष्णेच्या या खोऱ्यात वाढत गेली. आज कुपवाडला ओतशाळा आहेत, यंत्रशाळा आहेत, सूतगिरण्या आहेत आणि प्लास्टिकचे लहान कारखानेही आहेत. या चार व्यवसायांतील माणसे एकाच टपरीवर चहा घेतात, परंतु ओतशाळेतील ज्ञान प्लास्टिकच्या शेडमध्ये जसे जावयास हवे तसे गेलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या लेखात जे काही विशेष सांगावयाचे आहे ते याच एका मुद्द्याभोवती आहे.

आकुंचनाचा प्रश्न घ्या. बिडाचा रस थंड होताना शेकडा सुमारे एक आकसतो, म्हणून पॅटर्न करणारा सुतार त्या मानाने मोठी केलेली पट्टी वापरतो, हे कुपवाडच्या पोराटोरांना ठाऊक आहे. पॉलिप्रॉपिलीन शेकडा दीड ते दोन आकसते, म्हणजे दीड मीटर लांबीच्या बंपरामागे वीस ते तीस मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय ते सर्व दिशांनी सारखे आकसत नाही, रस ज्या दिशेने वाहिला ती दिशा आणि तिच्या काटकोनातील दिशा यांत भेद राहतो, आणि जाड भागी पृष्ठभागावर खळगा पडतो. शंखजिऱ्याची पूड घातली की हे आकुंचन एका टक्क्याच्या आसपास येते. राजस्थानात उदयपूरच्या परिसरात खणून काढला जाणारा हा मऊ खनिज पदार्थ बारीक पत्र्यांच्या रूपात दळला जातो, आणि ते पत्रे शृंखलांच्या मध्ये आडवे बसून त्यांच्या हालचालीला आवर घालतात. त्यामुळे भागाचा ताठरपणाही वाढतो. पूड स्वस्त आहे म्हणून भर घातली जाते, असा एक गैरसमज बाजारात आहे. वास्तविक ती नसती तर बंपर गाडीच्या दिव्याशी आणि बॉनेटशी जुळलाच नसता.

आणि एकदा जुळला म्हणजे कायमचा जुळला असेही नाही. साध्या पॉलिप्रॉपिलीनचे औष्णिक प्रसरण पोलादाच्या सात-आठ पट आहे. पहाटेच्या गारठ्यातून दुपारच्या उन्हात तापमान चाळीस अंशांनी चढले, तर दीड मीटरचा पोलादी तुकडा पाऊण मिलिमीटरदेखील वाढत नाही, पण तेवढ्याच लांबीचा निव्वळ पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा सहा मिलिमीटर वाढेल. ज्याने उन्हात तापलेल्या गाडीचा बंपर कधी निरखला आहे त्याला हे सहज दिसेल की मध्यभागी तो पक्का आवळलेला असतो, पण कडेच्या खुंट्यांची भोके गोल नसून लांबट असतात. वाढलेल्या भागाला सरकण्यास वाट मिळावी म्हणून ही तजवीज केलेली असते. ज्या कारागिराला हे ठाऊक नाही तो दुरुस्तीच्या वेळी त्या लांबट भोकात जाड वॉशर घालून स्क्रू करकचून आवळतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात बंपर मध्येच फुगून फाकला की दोष मालाला देतो.

रबराची गोष्ट निराळी. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, आणि मोटारीचा कारखानदार तर उणे वीस-तीस अंशांतही धडक सोसली जावी अशी अट घालतो. म्हणून त्यात एथिलीन-प्रॉपिलीन रबराचे अतिसूक्ष्म थेंब पसरवलेले असतात. तडा जाऊ लागला की तो या थेंबांत अडखळतो आणि पुढे जात नाही. परंतु रबर वाढवले की ताठरपणा जातो, पूड वाढवली की आघात सोसण्याची शक्ती जाते, आणि पातळ भिंतीच्या साच्यात रस वेगाने धावावा म्हणून शृंखला आखूड केल्या की दोन्ही जातात. या तिहेरी ओढाताणीतून तोल काढणे हे मिश्रण तयार करणाऱ्या कंपाउंडरचे कसब होय, आणि मोटारीच्या पॉलिओलेफिनमधील खरी विद्या रेणूच्या कारखान्यापेक्षा या मिश्रणात अधिक आहे. येथे हेही नमूद केले पाहिजे की बाहेरून दिसणारा बंपर हा केवळ चेहरा आहे. धडकेचा भार वाहणारी पोलादी तुळई त्याच्या आत असते, आणि दोहोंच्या मध्ये पुष्कळदा फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या फेसाचा ठोकळा बसवलेला असतो, जो चेपून ऊर्जा गिळतो आणि हळूहळू पूर्ववत होतो.

इंधनाच्या टाकीत पॉलिप्रॉपिलीन नव्हे, तर उच्च घनतेचे पॉलिएथिलीन वापरतात, आणि ती साच्यात फुगवून करतात. त्यामुळे मागच्या सीटखाली उरलेल्या वेड्यावाकड्या जागेत चपखल बसणारी, न गंजणारी, सांध्याविना टाकी मिळते. दोष एवढाच, की पेट्रोलची वाफ पॉलिएथिलीनच्या भिंतीतून हळूहळू पाझरते. त्यावर उपाय म्हणून आजची टाकी सहा थरांची असते : बाहेर आणि आत पॉलिएथिलीन, मध्ये वाफ अडवणारा व्हिनाइल अल्कोहोलच्या सहबहुवारिकाचा पातळ पापुद्रा, त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवणारे थर, आणि एक थर खुद्द त्याच कारखान्यातील कातरणीचा दळून केलेल्या मालाचा. या शेवटच्या थराकडे वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. पुनर्वापर हा येथे दयेचा विषय नाही. मोजून-मापून ठरवलेली ती रचना आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम अमलात आल्यावर बाष्पाच्या गळतीची मर्यादा आवळली गेली, आणि आता पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल मिसळले जात असल्याने मधल्या पापुद्र्याची परीक्षा अधिक कडक झाली आहे, कारण इथेनॉल त्याला मऊ करून वाट काढू पाहते. उसाच्या मळीपासून निघालेला मद्यार्क एके काळी पॉलिएथिलीनला जन्म देत होता, आणि ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलमधून, सुरुवातीस वर्षाला दोन लाख टन या क्षमतेने, आजही देत आहे. आपल्याकडे मात्र तो गाडीच्या टाकीत जाऊन बसला आहे. सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या संचालकांनी या दुसऱ्या वाटेचाही कधीतरी हिशेब मांडून पाहावा.

बॅटरीच्या पेटीचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. १९७० च्या आगेमागेपर्यंत ही पेटी कठीण रबराची, जड आणि आदळली तर फुटणारी असे. पॉलिप्रॉपिलीनने तिची जागा घेतली ती गंधकाम्लाला न जुमानण्याच्या गुणामुळे. आज जुनी बॅटरी भंगारात गेली की ती फोडून पाण्यात टाकतात. शिसे तळाशी बसते, पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे तरंगून वर येतात, आणि ते धुऊन, दळून, पुन्हा दाणा होऊन अनेकदा नव्या पेटीतच परततात. हे चक्र चालते याची कारणे शोधली तर ती साधी आहेत : शिशाला भाव असल्याने प्रत्येक बॅटरी परत येते, पेटी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, आणि तिला रंगाचे आवरण नसते. विजेच्या गाड्यांतही हे कूळ आपली जागा राखून आहे. लिथियम बॅटरीत धन आणि ऋण अग्रांना विलग ठेवणारा सूक्ष्मछिद्री पडदा पॉलिएथिलीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि तापमान सुमारे १३० अंशांवर गेले की पॉलिएथिलीन वितळून त्याची छिद्रे बुजतात व प्रवाह थांबतो.

दोषांविषयी थोडक्यात. पॉलिप्रॉपिलीनच्या शृंखलेत एकाआड एक येणाऱ्या कार्बनवरील हायड्रोजन ऊन आणि प्राणवायू यांच्या माऱ्याला लवकर बळी पडतो. म्हणून स्थिरक घातले नाहीत तर काळा भाग पांढुरका पडून त्याची भुकटी उडू लागते. तांब्याच्या सान्निध्यात हा ऱ्हास आणखी वेगाने होतो, आणि त्यामुळे तारांलगतच्या भागांसाठी निराळे द्रव्य मिसळावे लागते. या पदार्थावर रंग बसत नाही; बंपर रंगवण्याआधी ज्योत फिरवून किंवा खास अस्तर देऊन त्याचा पृष्ठभाग रंगाला राजी करून घ्यावा लागतो, आणि स्वस्तात रंगवलेल्या बंपराचा रंग सालीसारखा निघतो त्याचे कारण हेच. तो जळतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. गाडीच्या आतील भागांवर ज्वाला किती वेगाने सरकावी याची मर्यादा भारतीय मानक ब्युरोने आय. एस. १५०६१ मध्ये घालून दिली आहे, आणि ती मिनिटाला सुमारे १०० मिलिमीटर आहे.

आता ओतशाळेकडे परत येऊ. तेथे ओतीव भागाबरोबर निघालेले रनर आणि रायझर, वाया गेलेले भाग आणि बाहेरून आणलेले भंगार हे सर्व पुन्हा भट्टीत जाते, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. पण चार्ज भरण्याआधी कोणता माल किती हे लिहिले जाते, रस तयार झाला की नमुना काढून कार्बन आणि सिलिकॉन पाहिले जाते, कमी असेल ते घातले जाते, आणि मगच लाडल भरतो. प्लास्टिकच्या शेडमध्येही रनर निघतात, अर्धवट भरलेले भाग निघतात, ग्राइंडर कोपऱ्यात गुरगुरत असतो; पण दळलेला माल नव्या दाण्यात किती मिसळला, तो कितव्यांदा वितळतो आहे, याची नोंद पुष्कळ ठिकाणी ऑपरेटरच्या अंदाजावर असते. पॉलिप्रॉपिलीन प्रत्येक वेळी २००-२४० अंशांच्या बॅरलमधून गेले की त्याच्या शृंखला तुटून आखूड होतात. रस अधिक पातळ धावतो, साचा उलट सुखाने भरतो, भाग दिसायला देखणा निघतो, आणि आघाताची शक्ती गमावून बसतो. बिडाचा बिघाड यंत्रावर टूल तुटून तत्काळ कळतो. हा बिघाड ग्राहकाच्या दारी, दोन वर्षांनी, खुंटी मोडल्यावर कळतो. म्हणूनच येथे नोंदवही ओतशाळेपेक्षाही अधिक काटेकोर हवी.

मोडीत काढलेल्या गाडीच्या प्लास्टिकाबाबत तर अडचण याहून बिकट आहे. पाण्यात टाकून वेगळे करण्याची बॅटरीची युक्ती येथे अपुरी पडते. शेकडा दहा शंखजिरे असलेला बंपर तरंगतो, पण वीस टक्के असलेल्या मालाची घनता १.०४-१.०५ होऊन तो बुडतो, आणि नेमकी तीच घनता एबीएस या अगदी वेगळ्या प्लास्टिकची आहे. दोन्ही एकत्र वितळले तर एकमेकांत न मिसळता थरांनी सोलवटणारा निकामी माल निघतो. निकट-अवरक्त किरणांनी जात ओळखणारी यंत्रेही काजळी घातलेल्या काळ्या प्लास्टिकपुढे हतबल होतात, कारण काजळी ते किरण गिळून टाकते. त्यावर रंगाचे आवरण, चिकटवलेले फोम, पितळी नटांची पुंगळी. अशा वेळी प्रारंभी सांगितलेली ती कोनी कंसांतील अक्षरे वाचून, हातांनी उतरवून, जातवार ढीग लावणारा माणूस हाच सर्वांत विश्वसनीय उपाय ठरतो, आणि असा माणूस भंगाराच्या धंद्यात आपल्याकडे विपुल आहे. त्याला वाचावयास शिकवणे आणि त्याच्या ढिगाला शुद्धतेप्रमाणे भाव देणे एवढेच राहिले आहे.

कायद्याची दिशा याच बाजूस आहे, पण तिचे पाऊल तोकडे आहे. युरोपीय संघाने २००० सालीच मोडीत काढलेल्या वाहनांविषयी निर्देश काढला, आणि तेथील आयोगाने २०२३ च्या जुलैत नव्या गाड्यांतील प्लास्टिकपैकी शेकडा २५ पुनर्निर्मित असावे व त्यातील चौथा हिस्सा जुन्या गाड्यांतूनच यावा असा प्रस्ताव मांडला. आपल्या केंद्र सरकारने केलेले वाहन-विल्हेवाटीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांत उत्पादकावर जबाबदारी आली हे स्वागतार्ह आहे, परंतु त्याचे उद्दिष्ट पोलादाच्या वजनात मोजले आहे. पोलादाला भंगाराच्या बाजारात भाव पूर्वीपासूनच होता, आणि ते नियमांवाचूनही भट्टीत परतले असते. ज्याला नियमाच्या आधाराची खरी गरज आहे तो प्लास्टिकचा भाग मात्र ‘इतर’ या सदरात राहून जातो. हे सदर उघडून त्यात पॉलिप्रॉपिलीनचा स्वतंत्र रकाना घालावा, ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी दिल्लीदरबारी नेटाने केली पाहिजे.

कुपवाडने या व्यवसायात कोठे शिरावे? बंपर ओतण्याच्या यंत्राला दोन-अडीच हजार टनांची पकड लागते, आणि रंगाच्या दालनासह तो कारखाना मोटारीच्या कारखान्याच्या कुशीतच असावा लागतो, कारण पोकळ माल वाहून नेण्याचा खर्च परवडत नाही. तेथे चाकणशी स्पर्धा करण्याचा आग्रह व्यर्थ होय. परंतु दीडशे-अडीचशे टनांच्या यंत्रावर होणारे क्लिप, कंस, डबे, झाकणे आणि पेट्या, त्यांचे साचे, आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे वर्गवारी केलेल्या जुन्या मालातून कंपाउंड तयार करण्याचे काम, हे या वसाहतीच्या शक्तीत बसणारे आहे. त्यासाठी एका सामाईक तपासणी-शाळेची गरज आहे, आणि वालचंद महाविद्यालय हाकेच्या अंतरावर असताना ती उभी राहू नये याला सबळ कारण दिसत नाही. तिचा सरंजामही फार मोठा नाही : २३० अंशांवर, २.१६ किलोच्या भाराखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम रस वाहतो हे मोजणारे एक यंत्र. माल जाळून मागे उरलेल्या राखेवरून शंखजिऱ्याचे प्रमाण सांगणारी एक छोटी भट्टी आणि अचूक तराजू. खाचा पाडलेली पट्टी लोलकाने तोडून आघाताची शक्ती मोजणारे एक साधन. आणि मिसळलेली परकी जात ओळखणारे एक मध्य-अवरक्त वर्णपटमापक. ओतशाळेत ज्यांनी चार्ज-शीट भरले आहे अशा सुपरवायझरांना या शाळेत आणून बसवावे, दर गोणीमागे नमुना घ्यावा, आणि वितळप्रवाह, राख आणि आघात हे तीन आकडे तारखेसह गोणीवरच लिहावेत. मग पुण्याच्या खरेदी-दप्तरात पुनर्निर्मित माल म्हणून जो सरसकट निम्मा भाव सांगितला जातो, त्यावर कुपवाडच्या माणसाला आकड्यांनिशी बोलता येईल.